बटल्याची टरफलं आणि गटाचे अठरा गुण

आठवी 'ब'मधल्या एका गटाला मी २० पैकी १८ गुण दिले. गटात मुलं पाच, म्हणून पाचही जणांना १८. तीन आठवड्यांनी चाचणीत त्याच धड्यावरचा पाच गुणांचा एक प्रश्न आला आणि त्या पाचांतल्या तिघांना १, १ आणि २ पडले. हे टिपण त्या १८चं पुढे काय झालं, त्याबद्दल आहे.

शाळा इंदूरच्या नैर्ऋत्येकडची, राजेंद्रनगरच्या बाजूची. मी सहावी ते आठवी गणित शिकवते. वर्गात बोलणं हिंदीत चालतं. चाळीस मुलांत मराठी घरातली सहा-सात. शाळेत मी सगळ्यांची मॅडम आणि गणपतीत कॉलनीच्या मंडपात त्या सहा-सात जणांची काकू. ही गोष्ट मुद्दाम आत्ताच सांगून ठेवते, पुढे ती नडते.

काम काय होतं

धडा आकडेवारीचा. पुस्तकात त्याला काहीही म्हणोत, मुलांच्या तोंडी तो 'पाय चार्ट', आपल्याकडे वृत्तालेख. पुस्तकातली उदाहरणं म्हणजे कोणाला कोणता खेळ आवडतो वगैरे, त्यांत मुलांचा जीव रमत नाही. इंदूरच्या मुलांना आकडे हवेत तर कचऱ्यासारखा विषय नाही. २०१७पासून स्वच्छ सर्वेक्षणात शहराचा पहिला नंबर लागत आलाय, आणि सकाळच्या गाडीत ओला, सुका, प्लॅस्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा असे सहा कप्पे असतात हे इथल्या पहिलीतल्या पोरालाही पाठ असतं. म्हणून काम असं दिलं: सात दिवस रोज गाडी यायच्या आधी आपल्या घरचा कचरा तोलायचा, चार सदरांत लिहायचा (ओला, सुका, प्लॅस्टिक, इतर), पाच घरांची बेरीज करून गटानं एक वृत्तालेख काढायचा आणि वर्गापुढे मांडायचा.

गुणांची वाटणी मी केली ती अशी: आकडे आणि गणित ८, मांडणी ६, तोंडी सादरीकरण ६. कोणी किती काम केलं याचा रकाना ठेवला नाही. पाच जण मिळून करताहेत म्हणजे पाच जण शिकताहेत, असं मी धरूनच चालले होते. दोन्ही वाक्यांत 'पाच जण' असले म्हणून वाक्यं सारखी होत नाहीत, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

या गटातल्या मुलांची नावं देत नाही, टोपणनावं देते. चार मी ठेवलेली, एक वर्गानं. मुकादम ही मुलगी, वर्गात पहिल्या तिघांत, कामं वाटून देणारी. काटेवाला, कारण घरून लटकवायचा डिजिटल काटा त्यानंच आणला आणि गटात काटा तेवढा एकच होता. वहीवाली आकडे लिहून घ्यायची, बोलायची कमी. रंगारी चित्रकलेत तरबेज. आणि पाचवा बटला. हे नाव त्याला प्रकल्पाच्या चौथ्या दिवशी पडलं, ते का ते पुढे येईल. मटाराला इंदुरात बटला म्हणतात, हे महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी.

अठरा

त्यांचा चार्ट देखणा होता. एकूण ३६ किलो कचरा: ओला २४, सुका ६, प्लॅस्टिक ४, इतर २. कोन २४०, ६०, ४० आणि २० अंश. बेरीज बरोबर ३६०. ओल्याला हिरवा, सुक्याला निळा, अगदी गाडीच्या कप्प्यांचे रंग. मुकादम बोलली, रंगारीनं चार्ट धरला. गणिताचे पूर्ण ८ दिले, मांडणीचे ५, सादरीकरणाचे ५.

चाचणीतला प्रश्न तसाच होता, फक्त एकूण कचरा ४५ किलो: ओला २७, सुका ९, प्लॅस्टिक ६, इतर ३. उत्तर २१६, ७२, ४८, २४. रंगारी आणि काटेवाला या दोघांनी ओल्याला २७० अंश आणि सुक्याला ९० अंश दिले, तेवढ्यात वर्तुळ भरलं. प्लॅस्टिकला आणि इतरला जागाच उरली नाही. रंगारीनं ती दोन नावं वर्तुळाबाहेर लिहून बाण काढले होते. पेपर तपासताना मी आधी हसले आणि मग थांबले, कारण चूक दोघांची अगदी एकच होती. दोघांनीही प्रत्येक आकड्याला १०नं गुणलं होतं.

१० आले कुठून? त्यांच्या प्रकल्पातून. तिथे बेरीज नेमकी ३६ आली होती, म्हणून एका किलोला १० अंश. मुकादमला हे झटकन दिसलं आणि तिनं बाकीच्यांना सांगितलं, "बस, दस से गुणा कर दो." तिला त्यामागचं कारण ठाऊक होतं. बाकीच्यांच्या हाती नुसता पाढा पडला. गटकामात कोण कोणाला काय सांगतं याचा अभ्यास नोरीन वेब यांनी वर्षानुवर्षं केला, आणि त्यांच्या मांडणीतली एक गोष्ट शिक्षकानं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी अशी आहे: कारणासकट समजावून सांगणाऱ्याचं शिकणं पक्कं होतं, ज्याला नुसतं उत्तर मिळतं, त्याच्या पदरात फारसं काही पडत नाही. इथे समजावून सांगणंही झालं नाही, त्यामुळे मुकादमचाही तेवढा फायदा बुडाला.

वहीवालीचे २ मात्र वेगळ्या जातीचे होते. तिनंही १०नंच गुणलं, २७०, ९०, ६०, ३० लिहिले, बेरीज ४५० काढली आणि खाली लिहिलं: गोल में ३६० होते हैं, कहीं गलती है। तिथेच थांबली. आपली चूक पकडणारी ती एकटी. बटल्याला ४ पडले, मुकादमला ५.

पालकसभा

निकालानंतरच्या पालकसभेत मुकादमची आई समोर बसली. मराठी घर, त्यामुळे आडपडदा नव्हता. "मॅडम, रात्री साडेअकरापर्यंत ही तो चार्ट दुसऱ्यांदा करत बसली होती. पहिल्यांदा केला तो वाकडा झाला म्हणून. आणि मार्क सगळ्यांना सारखे?" काटेवाल्याच्या वडिलांचं उलटं म्हणणं: प्रकल्पात १८ आणि चाचणीत १, म्हणजे चाचणीच चुकीची असणार. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि मला दोघांनाही उत्तर देता आलं नाही. स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "अगं, चार्ट बघून मार्क द्यायचे तर काही घरी ते वडिलांच्या नावे दे." त्यांनी सीबीएसईची सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत २००९मध्ये येताना आणि २०१७मध्ये जाताना पाहिलेली आहे. थर्माकोल कापून कापून पालकांच्या बोटांना पडलेले घट्टे त्यांना आठवतात.

'आयतखाऊ' ही तक्रार नवी नाही. माक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून मोजलं होतं. १९१३मध्ये ते छापून आलं. माणसं वाढत गेली तशी दर माणशी ओढ कमी होत गेली. यातलं सगळंच कामचुकारपणातून येत नाही, एक भाग ताळमेळ न बसण्याचाही असतो: सगळे एका दमात ओढत नाहीत. माझ्या गटात हा दुसरा भाग होताच. काटा एक आणि घरं पाच.

२० पैकी २१.६

मी ठरवलं, मुलांनाच विचारू. प्रत्येकानं गटातल्या इतर चौघांना १ ते ५ गुण द्यायचे. प्रश्न एकच, 'याने गटाला कितपत मदत केली?' चिठ्ठ्या बंद, नाव कोणाला कळणार नाही.

अशा गुणांवरून गटाचा गुण माणशी वाटून देण्याची एक रीत आहे. १९९०मध्ये एडिंबरामधल्या गोल्डफिंच आणि रेसाइड यांनी ती विद्यार्थ्यांच्या गटप्रकल्पांसाठी मांडली आणि १९९३मध्ये हाँगकाँगमध्ये कॉनवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोपी केली. मुलाला मिळालेले गुण भागिले गटाची सरासरी, आणि येईल त्या आकड्यानं गटाच्या गुणाला गुणायचं. मी गणिताची शिक्षिका, मला हे फार आवडलं. कागदावर न्याय दिसत होता.

मुकादमला चौघांकडून मिळून १८ मिळाले, वहीवालीला १७, काटेवाल्याला १७, रंगारीला १६. बटल्याला २, २, १, २, म्हणजे ७. एकूण ७५, सरासरी १५. आता १८ला गुणा. बटला: १८ गुणिले ७ भागिले १५, म्हणजे ८.४. रंगारी १९.२. आणि मुकादम २१.६, तेही २० पैकी.

२१.६वर हसू आलं, पण त्याला उपाय असतो, वरची मर्यादा घालता येते. माझं लक्ष ८.४ आणि १९.२वर अडकलं होतं. वर्तुळाबाहेर बाण काढणाऱ्याला १९.२, आणि चाचणीत चार गुण मिळवणाऱ्याला ८.४. तरीही मी ते आकडे पेन्सिलीनं नोंदवहीत लिहिले. चौघं जण एकमतानं सांगताहेत, तर मुलगा काम टाळत असेल. हुशार आहे, पण काम टाळतो, अशी मुलं आपण पाहिलेली असतात. चिठ्ठ्यांवर कारणंही होती. दोघांनी लिहिलं होतं, टाइम वेस्ट किया.

मग शनिवारी गुण पक्के करताना तारखा जुळवायला माझी रोजची टाचणवही उघडली. त्या चौथ्या दिवसाखाली माझ्याच अक्षरात तीन शब्द होते: बटला. चांगला वाद.

तो वाद

त्या तासाला माझं लक्ष खरं तर मागच्या खिडकीच्या निघालेल्या कडीकडे होतं, आणि हा गट त्या खिडकीखाली बसला होता. हिवाळा, डिसेंबरचे दिवस. काटेवाल्याच्या घरी रविवारी पाच किलो बटला सोलला गेला होता. कचोरी असणार, थंडीत माळव्यात कोणाच्या घरी बटल्याची कचोरी झाली नाही असं होत नाही. टरफलं अडीच किलो. एरवी त्या घरचा ओला कचरा दिवसाला सातशे ग्रॅम, त्या दिवशी ३.२ किलो.

वहीवालीनं तो आकडा लिहिला तसा हा पाचवा मुलगा म्हणाला, "अरे भिया, रोज थोड़ी बटला छिलते हैं! इसको हटाओ।" मुकादमचं म्हणणं, कचरा निघाला ना, गाडीत गेला ना, मग लिहायचा. हा म्हणाला, मग आपलं घर आठवड्याला एवढा कचरा काढतं असं सगळ्यांना वाटेल, ते खोटं आहे. काटेवाला म्हणाला, आमच्याकडे पुढच्या रविवारी गराडू (माळव्यातला तळून खायचा कंद) असतील, त्याची सालं निघतीलच. हे ऐकून हा थोडा अडला. मग म्हणाला, तर मग चार आठवडे मोजायला पाहिजे, एका आठवड्याचं काहीच सांगता येत नाही.

तेरा वर्षांचं मूल नमुन्याच्या आकाराबद्दल बोलत होतं. एखादा आकडा बाकीच्यांपासून लांब पडला तर तो चूक समजून काढायचा, की खरा म्हणून ठेवायचा? सरासरी अशा एका आकड्यानं ओढली जाते; त्या घरची दिवसाची सरासरी सातशे ग्रॅमवरून एक किलोच्या वर गेली होती. संख्याशास्त्राचा पाया याच प्रश्नांवर उभा आहे आणि आठवीच्या त्या धड्यात त्याला जागा नव्हती. शिवाय दोघंही बरोबर होती. 'या आठवड्यात किती निघाला' असं विचारलं तर मुकादम बरोबर. 'साधारणपणे किती निघतो' असं विचारलं तर बटला बरोबर. मी कामाच्या कागदावर लिहिलं होतं, 'आपल्या घरांतून किती कचरा निघतो?' घोळ माझ्या वाक्यातच होता.

दहा-अकरा मिनिटं हे चाललं. शेवटी मुकादमनं घड्याळ दाखवलं आणि टरफलं चार्टात राहिली. ती काढली असती तर ओला २१.५, एकूण ३३.५, कोन २३१ अंश. नऊ अंशांचा फरक. आणि हो, बेरीज ३६ न उरता ३३.५ झाली असती, तर 'दस से गुणा' चाललंच नसतं. पाचही जणांना भागाकार करावा लागला असता. तासाच्या शेवटी वर्गानं मुलाचं नाव बटला ठेवलं.

चार्टावर या अकरा मिनिटांची खूणही नव्हती. माझ्या २० गुणांत त्यांना रकाना नव्हता. आणि चौघांनी त्याला २, २, १, २ दिले ते खोटेपणानं दिले नव्हते. मी विचारलं होतं, गटाला मदत किती केली. आणि गटाचं काम म्हणजे चार्ट वेळेत पुरा करणं, हे माझ्याच गुणवाटणीनं त्यांना शिकवलं होतं. २० पैकी १२ गुण दिसण्याबोलण्याचे. त्या हिशेबानं वाद घालणारा मुलगा म्हणजे खोळंबाच.

मुलाला डोक्यावर घ्यायचं कारण नाही. त्याच्या घरचे गुरुवार आणि शुक्रवारचे आकडे ०.९ आणि ०.९ होते, आणि ते त्यानं अंदाजानं लिहिले होते हे त्यानंच नंतर कबूल केलं. काटा काटेवाल्याकडे अडकला होता, तो आणायला हा गेला नाही. गटाचा राग पूर्णपणे गैरवाजवी नव्हता. ८.४ मात्र मी खोडले.

दुसरी फेरी

पुढचा धडा सम आणि व्यस्त प्रमाणाचा. या वेळी घाई केली नाही. काम पाण्याचं दिलं. १९७८पासून नर्मदेचं पाणी जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, इंदुरात येतं, आणि बहुतेक वस्त्यांत नळ एक दिवसाआड सुटतो. टाकी भरायला किती वेळ लागतो हा इथल्या प्रत्येक घराचा प्रश्न आहे. शाळेच्या मागच्या नळकोंडाळ्यावर वीस लिटरचा टब एका नळानं भरायचा, मग दोन नळांनी, वेळ मोजायची. या गटाला एका नळानं ८० सेकंद लागले. दोन नळांनी ४० यायला हवे, आले ५२. का ते गटानं शोधायचं.

कामाची आणि गुण देण्याची रीत बदलली. आधी दहा मिनिटं प्रत्येकानं एकट्यानं आपल्या वहीत अंदाज आणि कारण लिहायचं, कोणाशी बोलायचं नाही. मग गटाचं काम. शेवटी वर्गापुढे कोण बोलणार ते चिठ्ठी टाकून ठरणार, आणि तो जे सांगेल त्याचे गुण पाचांनाही. त्यानंतर प्रत्येकाला एकट्यानं सोडवायचा प्रश्न, आकडे असे की गटात सापडलेली चोरवाट चालू नये. डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांनी सहकारी शिक्षणाच्या अटी सांगितल्या, त्यांतल्या दोन मला इथे धरायच्या होत्या: एकाचं भलं दुसऱ्याच्या भल्याला बांधलेलं असावं, आणि तरी प्रत्येकाला स्वतःचा जाब असावा. चिठ्ठीनं पहिली साधते, एकट्याच्या प्रश्नानं दुसरी. स्पेन्सर केगन यांनी तर गटकामाचे पुरस्कर्ते असूनही सामाईक गुणांना उघड विरोध केला. तेवढं मला जमलं नाही. चिठ्ठीचे पाच गुण मी सामाईक ठेवले.

आणि १ ते ५ची चिठ्ठी बंद केली. तिच्या जागी दोन प्रश्न: 'कोणामुळे तुझं मत बदललं? कशाबद्दल?' आणि 'तू कोणाला काय समजावलंस?' एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कागदावर ताडून पाहता येतं. 'सबको सब समझाया' लिहिणारे तीन वीर वर्गात निघाले, त्यांच्या नावाचा उल्लेख दुसऱ्या कोणाच्याच कागदावर नव्हता.

सुरुवातीला आणखी एक केलं. सगळ्या वर्गाला बटल्याच्या टरफलांचा वाद सांगितला, मुलाचं नाव घेऊन, आणि तो प्रश्न गणितात का मोलाचा आहे तेही सांगितलं. हे स्टॅनफर्डच्या एलिझाबेथ कोहेन यांच्याकडून घेतलं. त्यांचं निरीक्षण असं की गटात कोणाचं ऐकलं जातं हे मुद्द्यावर ठरत नाही, मुलाला वर्गात किती पत आहे यावर ठरतं. आणि ती पत शिक्षकानं सगळ्यांसमोर, नेमकं कारण देऊन बदलता येते. मोघम शाबासकीनं नाही.

चिठ्ठी निघाली रंगारीची. गटाला आधी धडकी भरली असणार. बोलण्याआधीच्या पंधरा मिनिटांत मुकादम त्याच्याशेजारी बसून होती, आणि या वेळी 'बस ऐसा कर दो' म्हणून भागणार नव्हतं, कारण समोर मी 'का?' विचारणार होते. तो उभा राहिला, अडखळला, आणि म्हणाला, "पाइप तो एक ही है ना, मैडम. दूसरा नल खोलो तो पहला धीमा हो जाता है।" मग विचारलं, दोन नळ दोन वेगळ्या पाइपांवर असते तर? म्हणाला, तर ४०.

मला वाटत होतं, ५२चं कोडं बटल्यानं सोडवलं असणार. मुकादमच्या कागदावर वहीवालीचं नाव होतं. घरी स्वयंपाकघरातला नळ सोडला की न्हाणीघरात धार बारीक होते, हे तिनं सांगितलं होतं. रंगारीच्या कागदावरही तेच. बटला त्या दिवशी फारसा बोललाच नाही. एका वादावरून त्याला 'प्रश्न विचारणारं मूल' असा शिक्का मी मनात मारून ठेवला होता, तो उतरवावा लागला.

एकट्याच्या प्रश्नात: चार वेगळ्या पाइपांवरच्या चार नळांनी टाकी ९० मिनिटांत भरते, तर तशा सहा नळांनी? चौघांनी ६० लिहिले. काटेवाल्यानं १३५. नळ वाढले, तर वेळही वाढवला. आणि माझ्या निरीक्षणाच्या कागदावर सगळ्यात जास्त चांगल्या नोंदी कोणाच्या होत्या? काटेवाल्याच्याच. टब आणला, सेकंद मोजले, नळाला चिंधी बांधली, भांडण मिटवलं. गटात राहायला त्याच्याइतका चांगला भिडू नाही. व्यस्त प्रमाण त्याला कळलेलं नव्हतं.

ही दोन्ही विधानं खरी आहेत, आणि त्यांची बेरीज केली की दोन्ही खोटी होतात. समजा, गटातल्या वागण्याचे दहा अधिक एकट्याच्या प्रश्नाचे दोन, बारा; बाराकडे पाहून ना त्याचं चांगुलपण दिसतं, ना त्याची अडचण.

काय जमलं नाही

निरीक्षण. चाळीस मिनिटांचा तास, आठ गट. एका तासाला दोनच गट ऐकायचे असं ठरवलं, तर चार तास लागले. ज्या तासाला ज्या गटाजवळ मी नव्हते तिथे काय घडलं ते घडलं. पंधरवड्यानं सगळे कागद पुढ्यात घेतले तर दिसलं, की वर्गात मराठी घरातली मुलं सहा-सात, पण निम्म्याहून जास्त नोंदी त्यांच्याच. जवळून गेलं की ती माझ्याशी मराठीत बोलतात, मी थांबते, थांबले की ऐकते, ऐकलं की लिहिते. काकू असण्याचे गुण मॅडमच्या वहीत जमा झाले होते. आता यादी घेऊन फिरते आणि ज्याच्यापुढे खूण नाही त्याच्यापाशी आधी जाते. तरी पूर्ण जात नाही.

जोडीदार कोण लाभला यावरही फार काही ठरतं. २०१५च्या पिसा चाचणीत देशोदेशींच्या पंधरा वर्षांच्या मुलांची एकत्र प्रश्न सोडवण्याची क्षमता मोजली, तेव्हा प्रत्येकाला संगणकातले बनावट सहकारी दिले होते, म्हणजे कोणाच्या नशिबी मुकादम आणि कोणाच्या नशिबी आळशी असा फरक पडू नये. वर्गात ही सोय नाही. गट दर धड्याला बदलणं एवढंच हातात आहे, आणि तेही पालकांना आवडत नाही.

नवं शैक्षणिक धोरण, २०२०चं, प्रगतिपुस्तकात स्वतःचं आणि सोबत्यांचं मूल्यमापन असावं असं म्हणतं. रकाने येतील. त्यांच्यावर कोणता प्रश्न छापला जातो याकडे माझं लक्ष असेल.

हिशेब

पहिल्या प्रकल्पाचे १८ मी काढून घेतले नाहीत. दिलेले गुण काढून घेतले की मुलं पुढच्या वेळी गटाकडे संशयानं बघतात. नोंदवहीत त्या रकान्याचं नाव बदलून 'चार्ट' केलं. शेजारी दोन नवे रकाने आखले, 'एकट्यानं' आणि 'गटात'. दुसरा आकड्यांचा नाही, वाक्यांचा. शाळेच्या प्रगतिपुस्तकाला बेरीज लागते, म्हणून 'चार्ट' आणि 'एकट्यानं' यांची बेरीज जाते. 'गटात'मधली वाक्यं पालकसभेत तोंडी सांगते. मुकादमच्या आईला सांगितलं की दुसऱ्या फेरीत तिनं रंगारीला पंधरा मिनिटं समजावलं आणि त्याला ते आलं. "ते ठीक आहे, पण मार्क?" त्या म्हणाल्या. काटेवाल्याच्या वडिलांना १३५ दाखवला, तेव्हा ते बराच वेळ कागद बघत बसले आणि मग विचारलं, रोज किती वाजता पाठवू.

यंदाच्या आठवीलाही कचऱ्याचा प्रकल्प दिलाय. काटे तीन आणलेत, फिरवायचा दिवस ठरवून. कामाच्या कागदावर आता 'किती कचरा निघतो' नाही. 'आठवड्याचा एकूण दाखवायचा की रोजचा साधारण, हे गटानं ठरवावं. का ठरवलं आणि कोणाचं म्हणणं वेगळं होतं, ते चार्टखाली चार ओळींत लिहावं.' त्या चार ओळींना ६ गुण. रंगांना १.